हमीदिया रुग्णालयातील मुक्तिबोध

हिंदी नवकवितेचे अध्वर्यू गजानन माधव मुक्तिबोध यांना १९६४ च्या फेब्रुवारीत राजनांदगाव येथे पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्यांचे वय अवघे ४६ वर्षांचे होते. पुढील काही महिने ते भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात होते. मोठ्या तलावालगतच्या टेकडीवरील त्या इमारतीत एका विलक्षण बुद्धिमान माणसाचा मेंदू हळूहळू विझत गेला.

मुक्तिबोधांचे कूळ मूळचे खानदेशातील. पूर्वज ग्वाल्हेर संस्थानात गेले आणि तेथेच स्थिरावले. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे गजाननरावांचा जन्म झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात होते. घरची भाषा मराठी. परंतु थोरल्या मुलाने हिंदीत लिहिले आणि धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी, कादंबरीकार व समीक्षक म्हणून मान्यता पावले. मराठी वाचकांना अनेकदा धाकट्या मुक्तिबोधांचीच ओळख अधिक असते, हे काहीसे खेदाचे आहे.

इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर अशी त्यांची भटकंती चालली. शिक्षकी, पत्रकारिता, आकाशवाणी असे नाना उद्योग झाले; दारिद्र्य मात्र सुटले नाही. १९४३ च्या ‘तार सप्तक’मध्ये त्यांच्या कविता आल्या, तरी स्वतंत्र संग्रह निघेना. १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली आणि थोडे स्वास्थ्य लाभले. त्यांच्या दीर्घ कवितांपैकी काही महत्त्वाच्या कविता याच काळातल्या.

तेही फार टिकले नाही. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या त्यांच्या पुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. ज्या राजधानीतून बंदीचा आदेश निघाला, त्याच राजधानीतील शासकीय रुग्णालयात दोन वर्षांच्या आत त्यांना आणावे लागले.

आजाराचे निदान पुढे क्षयजन्य मेंदूज्वर असे झाले. क्षयाशी पक्षाघाताचा संबंध काय, असा प्रश्न वाचकास पडेल. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्याला लागतो. हे रक्त मानेतील चार धमन्यांतून वर चढते. पुढून दोन व मणक्यांच्या कडेने दोन अशा या धमन्यांच्या शाखा मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडे तयार होते. एखादी वाट अरुंद झाली तर दुसरीकडून रक्त पोहोचावे, अशी ही निसर्गाची तजवीज. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणांत शिरले की दाट, चिकट स्राव साचतो, तो नेमका या तळाशीच. त्यात वेढलेल्या धमन्यांच्या भिंती सुजतात, आतील मार्ग आकसतो. मेंदूच्या गाभ्यात शिरणाऱ्या केसासारख्या बारीक शाखांना तर पर्यायी वाटच नसते. त्या बुजल्या की तेवढा भाग काही मिनिटांत मरू लागतो आणि विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात. या रोगात पक्षाघात होतो तो बहुधा याच मार्गाने. स्ट्रेप्टोमायसीन आणि आयसोनियाझिड ही औषधे त्या काळी उपलब्ध होती. मात्र ती जंतूंना मारतात, मेलेला मेंदू परत आणत नाहीत. कवटीच्या आत डोकावणारे सीटी स्कॅन यंत्र यायलाही अजून काही वर्षे होती.

हरिशंकर परसाई, श्रीकांत वर्मा आदी मित्रांनी धावपळ केली. साहित्यिकांची विनंती पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापर्यंत गेली आणि मुक्तिबोधांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलविण्यात आले. तेथे दीर्घकाळ ते बेशुद्धावस्थेत होते. पत्नी शांताबाई आणि मित्रमंडळी उशाशी असत. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

‘अंधेरे में’ ही त्यांची सर्वाधिक चर्चिली गेलेली कविता त्यानंतर नोव्हेंबरमध्ये हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात आली. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह भारतीय ज्ञानपीठाने त्याच वर्षी काढला. त्याची छापील प्रत त्यांच्या हाती पडली नाही.