नेम न सोडणारा राजा

निवृत्तीनंतरचा पहिला महिना मोठ्या उत्साहाचा असतो. नवे बूट येतात, पहाटेचे फिरणे सुरू होते. मग लग्नसराई येते, ऊन तापते, पावसात वाटेवर चिखल होतो आणि बूट कोपऱ्यात जातात. आपल्या मंगरूळपीरमध्ये निवृत्त शिक्षक व कचेरीतील मंडळी भेटली की बहुधा हीच तक्रार ऐकू येते. ही माणसे आळशी नसतात. तीस वर्षे त्यांना शाळेची घंटा किंवा हजेरीपट उठवत होता, आता कोणीच उठवत नाही. अशा वेळी आम्हाला औंधचे राजे भवानराव आठवतात.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले व १९०९ साली सातारा भागातील औंध या लहानशा संस्थानाच्या गादीवर बसले. ते स्वतः चित्रे काढीत, कीर्तने करीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी त्यांनीच जागा दिली, तीच आजची किर्लोस्करवाडी.

व्यायामाची त्यांना तरुणपणापासून आवड होती. त्या काळी युरोपात गाजलेल्या सँडो या पहिलवानाची उपकरणे आणून त्यांनी सुमारे दहा वर्षे मेहनत केली. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या प्रेरणेने ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि तोच त्यांचा नित्यनेम झाला. या व्यायामाला उपकरण लागत नाही, पैसा लागत नाही, जोडीदार लागत नाही. अंग पसरण्याइतकी जागा असली की पुरे. पाऊस असो की प्रवास, सबबीला वावच उरत नाही. राजवाड्यातील स्त्रिया व मुलेही नमस्कार घालीत, आणि संस्थानातील शाळांमध्ये तो रोजचा भाग झाला. सत्तरीच्या उंबरठ्यावर ते इंग्लंडला गेले, तेव्हा तिथल्या लोकांना त्यांच्या प्रकृतीचे नवल वाटले. १९३८ साली त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले.

१९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्याचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. १३ एप्रिल १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. अधिकार सोडायला त्यांना जड गेले नाही, कारण त्यांचा दिवस अधिकारावर उभा नव्हता. ज्याच्या दिवसाला स्वतःचा नेम आहे, त्याला पद गेल्यावर पोकळी कमी जाणवते.

अ‍ॅरिस्टॉटल या तत्त्वज्ञाने सांगितले आहे की सद्‍गुण उपदेशाने येत नाही, तो कृती पुन्हा पुन्हा केल्याने अंगी मुरतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही हाच धागा पुढे नेला. म्हणून रोज सकाळी इच्छा होण्याची वाट पाहू नये. आधी कृती करावी, इच्छा मागून येते.

कोणी विचारील, नमस्कारांबरोबर मंत्र येतात, मग आपण काय करावे? भवानरावांनी ते आपल्या श्रद्धेनुसार केले. आपली प्रार्थना आपली आहे. त्यांच्याकडून आपण सातत्य घ्यावे, व्यायाम कोणताही चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस करावेत. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास झपाट्याने चालले, तरी पहिला भाग साधतो.

रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. वैशाखात ऊन चढण्यापूर्वी बाहेर पडावे, पावसात घरातच चालावे. सुरुवात दहा मिनिटांनी करावी, पण वेळ ठरलेली असावी. एखादा दिवस चुकला तर मन खट्टू करू नये. त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट श्रमही करू नयेत. नेहमीच्या वेळी नेहमीइतकेच करावे. आणि शेजारचे एखादे निवृत्त काका किंवा मावशी घरात बसून असतील, तर उद्या सकाळी त्यांनाही हाक मारावी.