डाव्या हाताने पूर्ण झालेला ग्रंथ

कुपवाड, प्रतिनिधी - पक्षाघात झाला की माणूस संपला, अशी समजूत आजही अनेक घरांत आढळते. कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीत, जिथे दोन हातांवर घर चालते, तिथे ही भीती अधिकच गडद असते. अशा वेळी महात्मा जोतीराव फुले यांच्या अखेरच्या अडीच वर्षांचे स्मरण व्हावे.

फुले घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 रोजीचा. तरुणपणी त्यांनी लहुजी वस्तादांच्या तालमीत शरीर कमावले. पत्नी सावित्रीबाई नायगावच्या; हे गावही आज सातारा जिल्ह्यात येते. या दांपत्याने 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. बांधकामाची कंत्राटे घेणाऱ्या जोतीरावांचे सारे आयुष्य धावपळीत गेले.

11 मे 1888 रोजी मुंबईत मांडवी येथील सभेत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू निकामी झाली आणि लिहिता हात थांबला. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण करतो. तिथला रक्तपुरवठा खंडित झाला, किंवा रक्तस्राव झाला, तर असे घडते. त्या काळी ना स्कॅन होते, ना रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध. स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांचे उपचार आणि सावित्रीबाईंची शुश्रूषा, एवढाच आधार होता.

जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. हाती घेतलेला ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांनी 1889 मध्ये त्याच हाताने पूर्ण केला. दत्तक पुत्र यशवंतचा विवाहही त्याच वर्षी सत्यशोधक पद्धतीने पार पडला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. ग्रंथ 1891 मध्ये प्रकाशित झाला.

सरावाने मेंदूतील शाबूत भाग नवी कामे शिकतो, हे आज शास्त्राने मान्य केले आहे. चालण्याचे प्रशिक्षणही याच तत्त्वावर उभे असते. प्रकृती स्थिरावली की आधी कुशीवर वळणे, मग आधाराविना बसणे, खुर्चीवरून उठणे, अधू पायावर भार पेलणे, दोन दांड्यांच्या मधून पावले टाकणे आणि वळताना तोल सांभाळणे, असा हा क्रम असतो. प्रत्येक टप्प्याची शेकडो वेळा उजळणी करावी लागते. तोल जाऊन पडण्याचा धोका असल्याने सुरुवातीला फिजिओथेरपिस्टची देखरेख आवश्यक ठरते. सर्वांनाच पूर्ववत चालता येईल असे नाही. मात्र अंथरुणावर काढलेले दिवस सांधे आखडवतात आणि उरलेली ताकदही घालवतात.

जोतीरावांचा उजवा हात पुन्हा पूर्ववत झाला नाही. तरीही त्यांचे लेखन अपुरे राहिले नाही. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसताच रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे, आणि घरी परतल्यावर सराव सोडू नये, एवढे या चरित्रातून घेण्याजोगे आहे.