एक कातडं आणि अख्खं राज्य : जव्हारच्या जयाबाची गोष्ट

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल, काहींनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये पाहिला असेल. 1974 साली अमेरिकेत आलेला हा गेम. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गेम मास्टर होऊन जग उभं करतो, बाकीचे आपापलं कॅरेक्टर घेऊन त्यात शिरतात आणि अडचणीच्या वेळी काय होणार ते फासे ठरवतात. असं जग स्वतः रचायला बसलात, की पहिला वाद एकच होतो : या जगात जादू किती ठेवायची? ‘एबेरॉन’ नावाच्या सेटिंगमध्ये जादूवर रेल्वे धावते. ‘डार्क सन’मध्ये मंत्र टाकला की आजूबाजूची झाडं मरतात, त्यामुळे जादूगार दिसला की लोक दूर पळतात.

तुमचं जग या दोन टोकांमध्ये कुठे बसवायचं? उत्तर शोधायला फार लांब जायला नको. पावसाळ्यात दाभोसा धबधबा आणि जयविलास राजवाडा बघायला तुम्ही जव्हारला गेला असाल, तर त्या राजघराण्याच्या मूळ पुरुषाची गोष्टच बघा. त्याचं नाव जयाबा मुकणे. कोळ्यांमध्ये चालत आलेली त्याची कथा 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये नोंदवलेली आहे.

जयाबाचं आधीचं नाव पोपेरा. थळ घाटाजवळ मुकणे इथे त्याची मातीची छोटीशी गढी होती. गडबिड नाही, नुसती गढी. त्या काळी उत्तर कोकणचा बराचसा भाग कोळी आणि वारली सरदारांकडे होता आणि जव्हार एका वारली सरदाराच्या ताब्यात होतं. म्हणजे गेमच्या भाषेत आपला हिरो लेव्हल वनला आहे.

एकदा पोपेरा पिंपरीच्या देवस्थानाला गेला. तिथे पाच कोळी भिक्षेकऱ्यांनी त्याला आशीर्वाद दिला आणि जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. ना तलवार मिळाली, ना अदृश्य होण्याची अंगठी. भविष्य कळलं, एवढंच. पुढचं सगळं त्यालाच करायचं होतं.

ते त्याने केलं. कोळ्यांची फौज जमवली आणि उत्तरेकडे निघाला. पेठ आणि धरमपूरच्या लोकांनी त्याला मानलं. तिथून तो सुरतेला आणि पुढे काठियावाडात गेला आणि सात वर्षं तिकडेच राहिला. या सात वर्षांबद्दल कथा काहीच बोलत नाही. खरं तर माणूस राजा बनतो तो अशाच वर्षांत. माणसं जोडायची, पैसा उभा करायचा, दरबारात कसं वागायचं ते बघून ठेवायचं. पण यात चमत्कार नाही, त्यामुळे कथेत ती वर्षं एका वाक्यात संपतात.

परत आल्यावर तो जव्हारच्या वारली सरदाराकडे गेला आणि एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदाराने हो म्हटलं. जयाबाने कातड्याच्या बारीक बारीक पट्ट्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्या वेढ्यात सरदाराचा सगळा मुलूख घेतला. सरदाराला जव्हारच्या उत्तरेचा गंभीरगड आणि त्याच्या आसपासचा भाग देण्यात आला. जव्हार जयाबाचं झालं.

त्याच्यानंतर मुलगा नेमशहा गादीवर आला. दिल्लीच्या सुलतानाने त्याला राजा हा किताब दिला, तो दिवस 5 जून 1343. हा दिवस इतका मोठा मानला गेला, की त्यापासून नवा शक सुरू झाला आणि संस्थानाच्या कागदपत्रांवर तो वापरला जाऊ लागला. पुढे 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत गादी मुकणे घराण्याकडेच होती.

आता या गोष्टीतली जादू मोजूया. वरवर पाहिलं तर जादू एकदाच येते, पिंपरीच्या आशीर्वादात. कातड्याचा प्रसंग म्हणजे निव्वळ डोकं. पण जरा गणित करून बघा. एक कातडं साधारण चार चौरस मीटरचं धरू. जव्हार संस्थानाचं नंतरचं क्षेत्रफळ सुमारे 310 चौरस मैल, म्हणजे 800 चौरस किलोमीटर होतं. एवढ्या जमिनीला गोल वेढा घालायचा तर दोरी 100 किलोमीटर लांब हवी. त्यासाठी पट्टीची रुंदी येते 0.04 मिलिमीटर, केसापेक्षाही बारीक! एक-एक मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या असत्या, तर जेमतेम सव्वा चौरस किलोमीटर जमीन मिळाली असती. म्हणजे इथेही जादू आहे, फक्त ती हुशारीचे कपडे घालून आली आहे.

हीच युक्ती उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजची राणी डिडो हिच्या कथेतही आहे. तिथेही बाहेरून आलेला माणूस स्थानिकांकडून कातड्याएवढी जमीन मागतो. दोन्हीकडे जादू नेमकी कुठे ठेवलीय बघा. जयाबाला राज्य करायचा अधिकार कोणी दिला? आशीर्वादाने. वारली सरदाराची जमीन कशी गेली? कातड्याने. सगळ्यात अवघड असे दोनच प्रश्न होते आणि दोन्ही ठिकाणी चमत्कार आला, म्हणजे विचारणंच बंद. लढाई झाली का, दबाव होता का, तह झाला का, काही कळत नाही. गॅझेटियरच्या नोंदीत त्या वारली सरदाराचं नावसुद्धा नाही.

म्हणून जादू किती, याच्याइतकाच ती कोणाच्या सोयीची, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कमी जादूच्या जगात ती जिथे येते तिथे सगळ्यांची नजर खिळते. मग ती कोणाचं काम सोपं करतेय, हे गेम मास्टरला माहीत हवं.

माप कसं ठरवायचं, यासाठी मोखाडा-जव्हारचा बोहाडा उपयोगी पडेल. रात्रभर संबळ-सनईच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. मुखवटा लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा. त्याला वेळ ठरलेली, जागा ठरलेली, कोणतं सोंग कोणी घ्यायचं तो मानही ठरलेला. कोणीही, कधीही, कुठेही मुखवटा चढवला आणि देव झाला, असं होत नाही. तुमच्या गेममधल्या जादूला अशा चार अटी घाला, ती आपोआप जपून वापरली जाईल.

आणि एक मोह टाळा. जंगल आणि आदिवासी पाडा दिसला की तिथे तंत्रमंत्र भरून टाकायचा आळस फँटसीत फार चालतो. गेममध्ये ती गंमत वाटते, पण प्रत्यक्षात करणी केल्याचा ठपका बसलेल्या माणसाचं जगणं अवघड होतं. त्यासाठी महाराष्ट्राला 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. पाड्यावरच्या लोकांना मंत्रांऐवजी जयाबासारखं डोकं द्या, फौज द्या, सौदे करू द्या.

पुढच्या वेळी गेम मास्टर झालात, तर जव्हारचं हेच कॅम्पेन लावून बघा. फक्त जयाबा स्वतःकडे ठेवा आणि तुमच्या प्लेअरला तो वारली सरदार द्या, नावासकट. समोर पाहुणा कातडं घेऊन उभा आहे. हो म्हणायच्या आधी सरदार त्याला काय विचारेल, ते प्लेअरला ठरवू द्या.