ब्रिटनमधील पहिले भारतीय उपाहारगृह : शेख दीन महंमद यांची कहाणी

दुबईतील करामा किंवा मीना बाजार परिसरात उपाहारगृहांच्या पाट्या वाचत गेले, तर केरळ, पंजाब, हैदराबाद, लखनौ, उडुपी ही नावे पावलापावलावर भेटतात. मराठी पदार्थांची पाटी मात्र शोधावी लागते. आहेत त्या मोजक्याच. परदेशात देशाची चव म्हणून नेमके काय मांडले जाते, आणि ते कोण ठरवते, या प्रश्नाचा इतिहास आखातातील आपल्या वसाहतीपेक्षा बराच जुना आहे. त्याची सुरुवात लंडनमध्ये, पाटण्याहून आलेल्या एका माणसापासून होते.

शेख दीन महंमद यांचा जन्म १७५९ साली पाटण्यात झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील फौजेत होते. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असतानाच ते निवर्तले. त्याच सुमारास गॉडफ्री बेकर नावाच्या तरुण आयरिश अधिकाऱ्याचा आश्रय या मुलाला लाभला आणि तोही छावणीबरोबर फिरू लागला. पुढे ते सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. पश्चिमेकडे मराठे आणि इंग्रज यांच्यात पहिले युद्ध सुरू होते तो हा काळ. १७८२ मध्ये बेकरने फौज सोडली, तेव्हा दीन महंमद यांनीही राजीनामा दिला आणि १७८४ साली दोघे आयर्लंडमधील कॉर्क या बंदरात उतरले.

तेथे त्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला, जेन डॅली या आयरिश तरुणीशी विवाह केला आणि १७९४ मध्ये आपला प्रवासवृत्तान्त पत्ररूपाने प्रसिद्ध केला. भारतीयाने इंग्रजीत लिहून छापलेले पहिले पुस्तक म्हणून ते आज ओळखले जाते. आपला देश परक्या वाचकाला समजेल अशा रीतीने सांगायचा, हा उद्योग त्यांनी स्वयंपाकघरात शिरण्यापूर्वीच आरंभला होता.

१८०७च्या सुमारास ते लंडनला आले. भारतात अमाप पैसा मिळवून परतलेले बेसिल कॉक्रेन यांच्या पोर्टमन स्क्वेअरमधील घरी वाफेच्या स्नानाची सोय होती. तेथे त्यांना काम मिळाले. या भागात कंपनीच्या चाकरीतून निवृत्त झालेल्या साहेबांची वस्ती होती. हे पाहून १८१० साली त्यांनी जवळच्याच जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडले. नावात कॉफी असली, तरी मुख्य आकर्षण जेवण आणि हुक्का हेच होते. भारतीयाने ब्रिटनमध्ये चालवलेले हे पहिले भारतीय उपाहारगृह.

इंग्रजांना रस्सेदार मसालेदार पदार्थांची ओळख नव्हती, असे नाही. हॅना ग्लास यांच्या १७४७च्या पाकपुस्तकात ‘करी’ची कृती आली होती आणि हेमार्केटमधील एका कॉफी हाउसात १७७३ मध्ये ती मिळतही होती. दीन महंमद यांनी वेगळे केले ते असे, की एका पदार्थाऐवजी त्यांनी सारे वातावरणच मांडले. बसायला वेताची आसने, भिंतींवर हिंदुस्थानातील देखावे आणि धूम्रपानासाठी स्वतंत्र दालन. लंडनच्या खाद्यगृहांविषयीच्या १८१५च्या एका मार्गदर्शिकेने तेथील मसाल्यांना अरबस्तानचे म्हटले आहे. मलबारची मिरी शतकानुशतके अरबी व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात पोहोचत आली. त्यामुळे पिकवणाऱ्याऐवजी पोहोचवणाऱ्याचे नाव मालाला चिकटणे नवलाचे नव्हते. आखातात राहणाऱ्या आपल्याला हा तपशील विशेष बोलका वाटावा.

परंतु १८१२ मध्येच दीन महंमद यांच्यावर दिवाळे जाहीर करण्याची वेळ आली. थाट खर्चिक होता आणि हाताशी भांडवल तुटपुंजे. याशिवाय आणखी एक कारण सांगितले जाते, आणि आपल्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता, त्या निवृत्त साहेबांपैकी अनेकांच्या घरी भारतातून आणलेले नोकर किंवा आचारी होते. त्यांना हिंदुस्थानची आठवण येत असे, परंतु ती भागवायला बाहेर जाण्याची गरज नव्हती. ज्यांना ही चव ठाऊक नव्हती, त्यांच्यापर्यंत ती नेण्याइतका अवधी मालकाजवळ उरला नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या त्या गृहस्थांना पुन्हा नोकरी शोधावी लागली. १८१४ मध्ये ते ब्रायटनला गेले. तेथे त्यांनी औषधी वाफेचे स्नान आणि चंपी यांची सांगड घातली. या वेळी त्यांनी गिऱ्हाइकाच्या आठवणीवर भिस्त ठेवली नाही. त्याच्या दुखऱ्या सांध्यांना जे हवे होते तेच दिले. चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम या दोन राजांनी त्यांना राजमान्यता दिली. आपल्या ‘चंपी’शी नाते सांगणारा ‘शॅम्पू’ हा शब्द इंग्लंडात रुळण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८५१च्या फेब्रुवारीत ब्रायटनमध्येच त्यांचे निधन झाले. जॉर्ज स्ट्रीटवर त्यांच्या उपाहारगृहाची आठवण देणारा फलक लागला तो २००५ साली.

संयुक्त अरब अमिरातीत भारतीय जेवणाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. येथे १९६६पर्यंत व्यवहारात रुपया चाले. मुंबईशी व्यापार जुना होता. भारतीय खानावळी उभ्या राहिल्या त्या कोणाच्या रम्य आठवणींसाठी नव्हे, तर एकट्याने राहणाऱ्या, खोलीत चूल नसलेल्या कामगारांच्या रोजच्या भुकेसाठी. गिऱ्हाईक रोज येत राहिले, म्हणून पदार्थ टिकला, आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याने तो उचलला. आपला ‘कडक’ चहा ‘करक’ होऊन अमिराती जीवनाचा भाग झाला, तो याच वाटेने. या पायावर पुढचे मजलेही चढले. २०२५ मध्ये दुबईच्या ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ने तीन मिशेलिन तारे मिळवले. भारतीय जेवण देणाऱ्या कोणत्याही उपाहारगृहाला हा मान त्यापूर्वी मिळाला नव्हता.

या चित्रात मराठी ताट कोपऱ्यात का राहते? त्याला चवीचा दोष देता येणार नाही. आपली स्थिती पुष्कळशी पोर्टमन स्क्वेअरच्या त्या साहेबांसारखी आहे. थालीपीठ, भरली वांगी, आमटी, कोंबडीवडे हे सारे आपण घरी उत्तम करतो, गणेशोत्सवात मंडळाच्या पंगतीत आवडीने जेवतो, आणि बाहेर जायचे ठरले की पंजाबी किंवा अरबी जेवणाकडे वळतो. परक्या पाहुण्यालाही तेथेच नेतो. मग पाहुण्याने नान आणि बटर चिकन म्हणजेच भारत, असे समजले तर त्याला बोल लावता येत नाही.

कोणी धाडसाने मराठी उपाहारगृह काढले, तर पहिल्या महिन्यात आपण कौतुकाने जातो, छायाचित्रे काढतो आणि घरच्या चवीशी तुलना करून परततो. दुकानाचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. दीन महंमद यांच्याजवळ कल्पकता होती, भाषा होती, चवीचे ज्ञानही होते. त्यांना कमी पडले ते पुन्हापुन्हा येणारे गिऱ्हाईक. तेवढी उणीव भरून काढणे आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी कचेरीतील सहकाऱ्याला जेवायला न्यायचे असेल, तेव्हा त्या मोजक्या मराठी पाट्यांपैकी एखादी निवडावी, आणि त्यानंतरच्या महिन्यातही तेथे जावे.