मॅडम सी. जे. वॉकर

मॅडम सी. जे. वॉकर (जन्मनाव: सेरा ब्रीडलव्ह, २३ डिसेंबर, १८६७ - २५ मे, १९१९) या केसांची निगा व केशवर्धक उत्पादनांच्या क्षेत्रातील आफ्रिकन-अमेरिकन उद्योजिका, दानशूर आणि सामाजिक कार्यकर्त्या होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसगळतीवर व केस तुटण्यावर उपाय म्हणून त्यांनी तयार केलेली मलमे, शांपू आणि निगेची पद्धत अमेरिकेबरोबरच कॅरिबियन बेटे व मध्य अमेरिकेतही पोहोचली. स्वकष्टाने लक्षाधीश झालेल्या पहिल्या अमेरिकन स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

सुरुवातीचे जीवन

सेरा यांचा जन्म लुईझियाना राज्यातील डेल्टा या गावी, मिसिसिपी नदीकाठच्या कापसाच्या मळ्यावर झाला. आई मिनर्व्हा व वडील ओवेन ब्रीडलव्ह हे पूर्वी त्याच मळ्यावर गुलाम होते. स्वातंत्र्यात जन्मलेले कुटुंबातील पहिले अपत्य म्हणजे सेरा. मात्र या स्वातंत्र्याने मळ्यावरचे कष्ट संपले नाहीत. वयाच्या सातव्या वर्षी त्या पोरक्या झाल्या आणि थोरली बहीण लुव्हिनिया हिच्याकडे राहू लागल्या. पुढे हे कुटुंब नदीपलीकडील व्हिक्सबर्ग येथे गेले. मेहुण्याचा जाच असह्य झाल्याने त्यांनी चौदाव्या वर्षीच मोझेस मॅकविल्यम्स यांच्याशी विवाह केला. १८८५ मध्ये मुलगी लीलिया जन्मली. त्यानंतर दोन वर्षांत पतीचे निधन झाले आणि विसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या.

सेंट लुईस शहरात त्यांचे भाऊ न्हाव्याचा व्यवसाय करीत होते. मुलीला घेऊन त्या तेथे गेल्या आणि पुढील सुमारे दीड दशक लोकांचे कपडे धुऊन त्यांनी उदरनिर्वाह केला. या कामात दिवसाला जेमतेम दीड डॉलर मिळे. त्या तुटपुंज्या कमाईतूनही मुलीला शाळेत पाठवण्याचा निश्चय त्यांनी सोडला नाही. सेंट पॉल चर्चमधील सुशिक्षित स्त्रियांच्या सहवासाने त्यांना वेगळ्या आयुष्याची ओळख झाली.

केसगळती व पहिले उपाय

१८९० च्या दशकात सेरा यांचे केस मोठ्या प्रमाणावर गळू लागले आणि डोक्यावर जागोजागी टक्कल दिसू लागले. हा त्रास त्यांच्या एकटीचा नव्हता. गरीब घरांत नळाचे पाणी नसे, त्यामुळे केस आठवडेच्या आठवडे धुतले जात नसत. हिवाळ्यात तर अधिकच. कोंडा, उवा आणि डोक्याच्या त्वचेचे विकार बळावत. निकृष्ट आहार व कपडे धुण्याच्या जहाल साबणाचा वापर यांची त्यात भर पडे. शिवाय घट्ट कुरळा केस मुळातच नाजूक असतो. त्वचेतील नैसर्गिक तेल वळणांमुळे टोकापर्यंत उतरत नाही, केस कोरडा राहतो आणि विंचरताना वळणाच्या जागी तुटतो. अशा केसांसाठी दुकानात मिळणारी बहुतेक औषधे निरुपयोगी किंवा चक्क अपायकारक होती.

सेरा यांनी अनेक उपाय करून पाहिले. त्यांत ॲनी टर्नबो (पुढे मलोन) यांची उत्पादने होती. टर्नबो यांनी वॉकर यांच्याआधीच कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांसाठी मलम बनवून दारोदार विक्रीची पद्धत रुजवली होती आणि सेरा काही काळ त्यांच्याच विक्रेत्या होत्या. वॉकर यांच्या अनेक चरित्रलेखांत हा भाग घाईने उरकला जातो. तो टर्नबो यांच्यावर अन्याय आहे.

१९०५ मध्ये सेरा कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे गेल्या. तेथे स्वयंपाकिणीचे काम करीत त्यांनी स्वतःचे मिश्रण तयार केले. त्याची कृती आपल्याला स्वप्नात एका आफ्रिकी पुरुषाने सांगितली, असे त्या सांगत. प्रत्यक्षात त्यातील मुख्य घटक, म्हणजे गंधक आणि पेट्रोलियम जेली, त्या काळी त्वचाविकारांवर सर्रास वापरले जात. गंधकयुक्त मलमाचा दावा टर्नबो यांचाही होता, आणि यावरून दोघींत कायमचे वितुष्ट आले. जानेवारी १९०६ मध्ये वृत्तपत्रांच्या जाहिरातींचे काम करणारे चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांनी मॅडम सी. जे. वॉकर हे व्यावसायिक नाव घेतले. हा विवाह १९१२ मध्ये संपला. नाव मात्र टिकले.

वॉकर पद्धत

उत्पादनाचे नाव केस उगवणारे मलम असे असले तरी मलमाने नवे केसमूळ तयार होत नव्हते. गंधकामुळे कोंडा व बुरशीजन्य विकार आटोक्यात येत, त्वचेवरचे पापुद्रे सुटत आणि तेलकट आधारामुळे केसांचा कोरडेपणा घटे. निरोगी झालेल्या त्वचेत केसांची वाढ पूर्ववत होई आणि आलेला केस तुटेनासा झाल्याने लांबी टिके. वॉकर यांचे खरे योगदान मलमाच्या डबीपेक्षा तिच्यासोबत शिकवल्या जाणाऱ्या सवयींत होते: केस वारंवार धुणे, त्वचेला मलम चोळणे, नियमित ब्रश करणे. कानशिलांजवळच्या विरळ केसांसाठी वेगळे मलम होते. जाहिरातींत त्या स्वतःचीच उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे छापत.

या पद्धतीत तापवलेल्या रुंद दातांच्या कंगव्याचाही वापर होता आणि त्यावरूनच त्यांच्यावर सर्वाधिक टीका झाली. केस सरळ करणे म्हणजे गोऱ्यांचे अनुकरण, असे अनेक कृष्णवर्णीय नेत्यांना वाटे. आपण केस सरळ करणाऱ्या नसून केसांचे आरोग्य राखणाऱ्या आहोत, अशी वॉकर यांची भूमिका होती. तरीही कंगव्याच्या उष्णतेने केसातील ओलावा उडतो व केस ठिसूळ होतो, ही विसंगती त्यांच्या पद्धतीत राहिलीच. या कंगव्याचा शोध त्यांनी लावल्याचे अनेकदा लिहिले जाते, परंतु तो त्यांच्या आधीपासून प्रचलित होता.

उद्योगविस्तार

१९०८ मध्ये पिट्सबर्ग येथे त्यांनी मुलीच्या नावाने लीलिया कॉलेज सुरू केले. तेथे स्त्रियांना केशोपचाराचे प्रशिक्षण मिळे. १९१० मध्ये त्यांनी इंडियानापोलिस हे मुख्य ठिकाण केले, कारखाना उभारला आणि १९११ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी केली. मोलकरीण किंवा धोबीण म्हणून राबणाऱ्या हजारो स्त्रियांना विक्रेत्या म्हणून स्वतंत्र उत्पन्न मिळू लागले.

१९१२ मध्ये शिकागो येथे राष्ट्रीय निग्रो बिझनेस लीगचे अधिवेशन भरले असता अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना बोलू दिले नाही. अखेरच्या दिवशी त्या जागेवरच उभ्या राहिल्या आणि कापसाच्या शेतापासून स्वतःच्या कारखान्यापर्यंतचा आपला प्रवास त्यांनी सभेला ऐकवला. पुढील वर्षीच्या अधिवेशनात त्यांना प्रमुख वक्त्यांत स्थान मिळाले.

सामाजिक कार्य व अखेरचे दिवस

१९१७ मध्ये ईस्ट सेंट लुईस येथील वंशद्वेषी हत्याकांडानंतर न्यू यॉर्कमध्ये निघालेल्या मूक मोर्चाशी त्या संबंधित होत्या. त्यानंतर व्हाइट हाऊसला गेलेल्या शिष्टमंडळातही त्यांचा समावेश होता. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी भेट दिली नाही. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथे वॉकर विक्रेत्यांचे पहिले अधिवेशन झाले. तेथे अधिक विक्रीबरोबरच अधिक दान करणाऱ्या विक्रेत्यांनाही पारितोषिके देण्यात आली आणि झुंडहत्यांच्या निषेधाची तार राष्ट्राध्यक्षांना पाठवण्यात आली.

१९१८ मध्ये हडसन नदीकाठी अर्विंग्टन येथे व्हिला लेवारो हा त्यांचा प्रासाद पूर्ण झाला. त्याचे वास्तुविशारद व्हर्टनर टँडी हे न्यू यॉर्क राज्यातील पहिले परवानाधारक कृष्णवर्णीय वास्तुविशारद होते. या घरात वॉकर यांना वर्षभरही राहता आले नाही. उच्च रक्तदाब व मूत्रपिंडाच्या विकाराने त्या आजारी होत्या. १९१९ च्या वसंतात सेंट लुईस येथे प्रकृती ढासळल्यावर त्यांना घरी आणले गेले. झुंडहत्याविरोधी निधीसाठी एन.ए.ए.सी.पी. या संस्थेला त्यांनी ५,००० डॉलर देण्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्यात, २५ मे रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ब्राँक्समधील वुडलॉन दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

मृत्युपत्रानुसार कंपनीच्या भावी निव्वळ नफ्याचा दोन तृतीयांश हिस्सा धर्मादाय कार्यांसाठी ठेवण्यात आला. मुलगी लीलिया, जी पुढे अलीलिया वॉकर म्हणून ओळखली गेली, कंपनीची अध्यक्ष झाली. हार्लेममधील लेखक-कलावंतांची यजमान म्हणून तिची ख्याती झाली. १९२७ मध्ये इंडियानापोलिस येथे वॉकर इमारत उघडली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने वॉकर यांच्यावर तिकीट काढले. २०२० मधील सेल्फ मेड ही मालिका त्यांच्या जीवनावर आधारित असली, तरी तिच्यातील प्रतिस्पर्धी स्त्रीचे पात्र काल्पनिक आहे.