काचबिंदू : फील्ड टेस्ट आणि ओसीटी पुन्हा पुन्हा का करायची? डॉ. ग्रेफे यांच्या आयुष्यातून समजून घ्या

काचबिंदूचे निदान झाले की डॉक्टर दर काही महिन्यांनी फील्ड टेस्ट आणि ओसीटी करायला सांगतात. रावेरहून जळगावला किंवा शिरपूरहून धुळ्याला यायचे म्हणजे दिवस जातो, मजुरी बुडते, सोबत कोणीतरी लागते. शिवाय समोरचे तर नीट दिसत असते. मग तीच तपासणी परत कशाला, असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका नेत्रतज्ज्ञाच्या कामात आहे.

डॉ. आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांचा जन्म १८२८ साली बर्लिनमध्ये झाला. वडील नामवंत शल्यचिकित्सक होते, पण आल्ब्रेख्त १२ वर्षांचे असतानाच ते वारले. बर्लिनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर ग्रेफे प्राग, पॅरिस, व्हिएन्ना आणि लंडन येथील नेत्रतज्ज्ञांकडे शिकले. पुढे बर्लिनला परतून त्यांनी डोळ्यांचा दवाखाना सुरू केला.

१८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे आणले. ग्रेफे यांनी ते लगेच वापरायला घेतले. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस आतून पहिल्यांदाच दिसू लागली होती. काचबिंदूत या नसेचे टोक फुगते, असे त्यांना आधी वाटले. पुढील तपासण्यांतून ते फुगत नाही, उलट वाटीसारखे खोलगट होते, हे लक्षात आले आणि त्यांनी आपले मत बदलले. आजही डॉक्टर तुमच्या डोळ्यात हाच खोलगटपणा पाहतात.

नस कशी दिसते एवढ्यावर ते थांबले नाहीत. रुग्णाला कागदावरच्या मधल्या खुणेकडे टक लावून बघायला सांगायचे, बाजूने दुसरी खूण सरकवायची आणि ती कुठे दिसते, कुठे दिसेनाशी होते याची नोंद करायची, अशी पद्धत त्यांनी वापरली. १८५६ साली त्यांनी दृष्टिक्षेत्राच्या तपासणीवर लेख प्रसिद्ध केला. काचबिंदूत मधली नजर चांगली असतानाही कडेची, विशेषतः नाकाच्या बाजूची, नजर कमी होत जाते हे अशा नोंदींतून दिसले. रुग्णाला स्वतःला हे जाणवत नाही, कारण एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो.

१८५७ साली त्यांनी अचानक उठणाऱ्या, तीव्र काचबिंदूवर शस्त्रक्रिया मांडली. तोवर या आजाराने डोळा जाणार हे जवळजवळ ठरलेले असे. अनेकांची नजर या शस्त्रक्रियेने वाचली. मात्र हळूहळू वाढणाऱ्या काचबिंदूत तिचा तेवढा उपयोग झाला नाही, आणि गेलेली नजर तर कोणालाच परत मिळाली नाही. १८७० साली, अवघ्या ४२ व्या वर्षी, क्षयरोगाने ग्रेफे यांचे निधन झाले.

आज उपचार खूप पुढे गेले आहेत, तरी गेलेली नजर अजूनही परत आणता येत नाही. म्हणून उरलेली नजर सांभाळणे हाच उपाय. ओसीटी प्रकाशाच्या साहाय्याने नसेच्या तंतूंचा थर मायक्रॉनमध्ये मोजते. डोळ्याला काही टोचत नाही, काही मिनिटांत काम होते. फील्ड टेस्टमध्ये एकेक डोळा झाकून, मध्ये बघत, ठिपका चमकला की बटण दाबायचे असते. एक तपासणी नसेची स्थिती सांगते, दुसरी नजरेची. आजार खूप वाढल्यावर ओसीटीत फारसा फरक दिसत नाही, तेव्हा फील्ड टेस्टवर जास्त भर द्यावा लागतो.

एकाच रिपोर्टवरून आजार वाढतोय की थांबलाय हे कळत नाही. त्यासाठी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवावा लागतो. म्हणून एवढे करा :

• सगळे जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा आणि दर वेळी सोबत आणा.
• शक्यतो त्याच यंत्रावर तपासणी करा. वेगळ्या कंपनीच्या यंत्रांचे आकडे थेट जुळत नाहीत.
• पहिली फील्ड टेस्ट अनेकांची नीट येत नाही. ती परत करायला सांगितली तर घाबरू नका. झोप घेऊन या आणि चष्मा आणा.
• डोळ्याचा दाब नॉर्मल आला तरी तपासणी चुकवू नका आणि थेंब स्वतःहून बंद करू नका.
• आई-वडील, भावंडे आणि मुलांचीही तपासणी करून घ्या.

डोळा अचानक लाल होऊन खूप दुखला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली किंवा सोबत उलट्या झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.