शेतकऱ्यांचे भाऊसाहेब

वऱ्हाडातील गावांची नावे मोठी बोलकी आहेत. हिवरखेड हे असेच एक नाव. हिवर हा रानात आणि शेताच्या धुऱ्यावर वाढणारा काटेरी वृक्ष. त्याच्या नावाने वसलेली गावे वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत. एक हिवरखेड अकोला जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याकडे आहे, तर दुसरे अमरावती जिल्ह्यात मोर्शीच्या बाजूला आहे. अशा गावांच्या भोवती दूरवर काळीभोर जमीन पसरलेली दिसते. उन्हाळ्यात तिला मोठमोठ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच जमीन पाणी पिऊन तृप्त होते आणि पुढे कित्येक दिवस ओल धरून ठेवते. तिच्यात कपाशी पिकते, ज्वारी पिकते, तूर पिकते. अशा जमिनीचा धनी सुखी असावा, असे कोणासही वाटेल.

परंतु शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. पुढे आगगाडी आली आणि येथील कापूस मुंबईमार्गे थेट इंग्लंडातील गिरण्यांत जाऊ लागला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडात पोचेनासा झाला, तेव्हा हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपले आणि भाव पुन्हा कोसळले. आपल्या वावरातील पिकाचा भाव दूरदेशी ठरतो, ही गोष्ट बिचाऱ्या शेतकऱ्याला उमगतही नव्हती. बियाणे, बैल, लग्नकार्य, सरकारसारा या प्रत्येक गोष्टीसाठी तो सावकाराच्या दारी जाई. कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. तो अंगठा उठवी आणि घरी येई. व्याजावर व्याज चढत जाई आणि एके दिवशी ज्या जमिनीत आजोबा-पणजोबा राबले, ती दुसऱ्याच्या नावे झालेली असे. मग तोच शेतकरी त्याच जमिनीत मजूर म्हणून वखर हाकू लागे.

उभ्या पिकाची राखण शेतकरी रात्रभर जागून करतो. ती राखण एका हंगामाची असते. जमिनीची राखण मात्र पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते, आणि ती एकट्यादुकट्याला साधत नाही. ही गोष्ट ओळखून ज्यांनी आपले सारे आयुष्य शेतकऱ्यांच्या सेवेत वेचले, ते थोर पुरुष म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख होत. वऱ्हाडातील लोक त्यांना प्रेमाने भाऊसाहेब म्हणत.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव शामराव व आईचे नाव राधाबाई. घर शेतकऱ्याचे होते. गुरेढोरे, पेरणी, डवरणी, कापसाची वेचणी हे सारे त्यांनी बालपणीच डोळ्यांनी पाहिले. मुलाची बुद्धी तल्लख आहे हे शामरावांच्या ध्यानी आले होते. पापळच्या शाळेत पुढील शिक्षणाची सोय नव्हती. म्हणून पंजाबराव चांदूर रेल्वे येथे गेले, नंतर कारंजा येथे आणि त्यानंतर अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात शिकले. तेथून ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेले.

पुढे इंग्लंडला जाऊन शिकावे, अशी उत्कट इच्छा त्यांच्या मनात निर्माण झाली. परंतु त्यासाठी लागणारा पैसा शेतकऱ्याच्या घरी कोठून असणार? शामरावांनी जमिनीवर कर्ज काढले. ज्या जमिनीवर साऱ्या घराचे पोट अवलंबून होते, तीच त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी पणाला लावली. हा निर्णय सोपा नव्हता. मुलगा यशस्वी झाला नाही तर शिक्षणही जाणार आणि जमीनही जाणार, हे पितापुत्र दोघेही जाणून होते. वडिलांचे हे ऋण पंजाबराव जन्मभर विसरले नाहीत. गहाणखत म्हणजे काय आणि ते झोप कशी उडवते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९२० साली ते इंग्लंडला गेले. परक्या देशात काटकसरीने राहून त्यांनी अभ्यास केला. एडिंबरो विद्यापीठाची एम. ए. ही पदवी त्यांनी मिळवली. ते बॅरिस्टर झाले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी संपादन केली. शेतकऱ्याच्या या मुलाने निवडलेला विषय वरवर पाहता शेतीपासून दूरचा वाटतो. परंतु वेदकाळचा मनुष्यही पाऊस, गाई आणि शेत यांच्यासाठीच देवांना आळवत असे. प्राचीन ग्रंथांतही पंजाबरावांना आपल्या गावचीच चिंता भेटली असली पाहिजे.

१९२६ साली ते मायदेशी परतले आणि अमरावतीस वकिली करू लागले. एवढा विद्वान बॅरिस्टर पैसा मिळवून सुखात राहू शकला असता. परंतु पंजाबरावांचे मन तेवढ्यात रमले नाही. खेड्यांतील गरीब मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले. सर्व जातींच्या मुलांना तेथे प्रवेश होता. १९२७ साली त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी विवाह केला. हा आंतरजातीय विवाह होता आणि त्या काळी त्यासाठी मोठे धैर्य लागे. अमरावतीचे अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे, या चळवळीतही ते उभे राहिले. १९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले, तेव्हा सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा आग्रह त्यांनी धरला. गावाचे पाणी हे साऱ्या गावाचे. त्यावर काही जणांचाच हक्क असणे त्यांना मान्य नव्हते.

१९३० साली पंजाबराव मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून आले आणि मंत्री झाले. शिक्षण, कृषी व सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. तो काळ शेतकऱ्यांच्या कसोटीचा होता. १९२९ साली साऱ्या जगात मंदीची लाट उसळली होती. कापसाचे भाव निम्म्याहून खाली घसरले. कर्जाचा आकडा मात्र कमी होत नव्हता. पूर्वी जे कर्ज एका गाडीभर कापसात फिटले असते, त्यासाठी आता दोन गाड्याही पुरेनात. गावोगावी जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या.

अशा वेळी पंजाबरावांनी कर्जलवादाच्या कायद्यासाठी परिश्रम घेतले. १९३३ साली हा कायदा मंजूर झाला. या प्रकारचा कायदा करणारा हा देशातील पहिला प्रांत होय. त्याची योजना साधी होती. कर्जाचा वाद सोडविण्यासाठी लवाद मंडळे नेमण्यात आली. मंडळापुढे शेतकऱ्याने आपले देणे सांगावे आणि सावकाराने आपले कागद दाखवावेत. मूळ रक्कम किती, व्याज किती, शेतकऱ्याची फेडण्याची शक्ती किती, हे पाहून मंडळाने तडजोड घडवून आणावी आणि हप्ते बांधून द्यावेत. यामुळे सावकाराचे न्याय्य पैसे बुडत नव्हते आणि शेतकऱ्याची जमीनही एका फटक्यात जात नव्हती. सावकार मंडळी नाराज झाली. तथापि पंजाबराव डगमगले नाहीत.

हा कायदा झाला म्हणून सारे कर्ज संपले, असे मात्र नव्हे. एका कायद्याने शतकाचे दुखणे बरे होत नाही, हे पंजाबरावांनाही ठाऊक होते. जोवर शेतकऱ्याला कागद वाचता येत नाही, तोवर त्याच्या अंगठ्यावर कोणीही जमीन लिहून घेऊ शकतो. म्हणूनच १९३२ साली त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली होती. तिच्या शाळा व महाविद्यालये विदर्भात ठिकठिकाणी निघाली. ज्या खेड्यांतील मुले पूर्वी गुरांमागे फिरत, त्या खेड्यांत शाळेची घंटा वाजू लागली. कृषी महाविद्यालयही या संस्थेने काढले. शिकलेला मुलगा शेतीला पाठ दाखवून निघून जाऊ नये. शिक्षणाने त्याची शेती अधिक शहाणी व्हावी, अशी पंजाबरावांची दृष्टी होती.

देश स्वतंत्र झाला. पंजाबराव घटना समितीचे सभासद होते. तेथे त्यांनी शेतकरी व मागासलेले वर्ग यांची बाजू हिरिरीने मांडली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अमरावतीच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठवले आणि पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते कृषिमंत्री झाले. १९६२ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. देशात तेव्हा धान्याचा तुटवडा होता. परदेशातून धान्य आणावे लागे.

धान्य वाढवायचे तर भाताचे पीक वाढले पाहिजे. त्यासाठी पंजाबरावांनी जपानी पद्धतीच्या भातशेतीचा देशभर प्रसार केला. ही पद्धत आपल्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली होती. प्रथम गादीवाफ्यावर निवडक बियाणे पेरून जोमदार रोपे तयार करावयाची. ती चिखलणी केलेल्या शेतात ओळीने, ठरावीक अंतरावर लावावयाची. ओळींमधून निंदणी करावयाची. जमिनीला शेणखत, कंपोस्ट व हिरवळीचे खत भरपूर द्यावयाचे आणि थोडे रासायनिक खत जोडीला वापरावयाचे. यात बियाणे कमी लागे आणि पीक अधिक येई. अवजड यंत्रांची गरज नव्हती. गरज होती ती काळजीची. जमिनीतून जेवढे घ्यायचे, तेवढे तिला परत द्यायचे, हा जुना नियमच या पद्धतीने नव्याने शिकवला.

याच काळात, १९५३ साली, केंद्रीय मृदसंधारण मंडळ स्थापन झाले. पावसाच्या पाण्याबरोबर शेताचा वरचा सुपीक थर वाहून जातो. एका तासाच्या मुसळधार पावसात जी माती जाते, ती पुन्हा तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. उताराला आडवे बांध घातले, धुऱ्यावर गवत व झाडे राखली, उताराला आडवी पेरणी केली, तर पाणी थांबते आणि माती जागेवर राहते. परंतु एकाच शेतकऱ्याने बांध घालून भागत नाही. वरच्या शेतातील पाणी खालच्या शेतात येते. वरच्याने दुर्लक्ष केले, तर खालच्याचा बांध फुटतो. मातीची राखण सर्वांनी मिळूनच करावी लागते.

मिळून करण्याची हीच गोष्ट पंजाबरावांनी राष्ट्राच्या पातळीवर नेली. गिरणीमालकांच्या संघटना होत्या, व्यापाऱ्यांच्या होत्या, कामगारांच्याही होत्या. शेतकरी मात्र विखुरलेला होता. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज ही संस्था स्थापन केली. कोणत्याही प्रांतातील शेतकऱ्याने तिचे सभासद व्हावे, आपल्या अडचणी मांडाव्यात आणि एकमेकांपासून शिकावे, असा तिचा हेतू होता. डिसेंबर १९५९ मध्ये या संस्थेच्या पुढाकाराने दिल्ली येथे जागतिक कृषिप्रदर्शन भरले. अमेरिका व सोव्हिएत रशिया या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या राष्ट्रांनीही तेथे आपापली दालने उभारली. उद्घाटनाच्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उपस्थित होते. भारताच्या कानाकोपऱ्यांतून आलेले शेतकरी, धोतर-पागोट्यात, जगाची शेती पाहत हिंडत होते. ज्या वऱ्हाडी शेतकऱ्याच्या कापसाचा भाव एके काळी त्याच्या नकळत परदेशात ठरत असे, त्याच्यासाठी आता जग दिल्लीस आले होते.

१० एप्रिल १९६५ रोजी पंजाबरावांचे दिल्ली येथे निधन झाले. विदर्भात कृषी विद्यापीठ व्हावे, अशी त्यांची मनीषा होती. ते २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचेच नाव देण्यात आले. कापूस, ज्वारी, तूर, संत्री आणि कोरडवाहू शेती यांवर तेथे संशोधन चालते. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने जैविक शेतीची मोहीम विदर्भातील जिल्ह्यांत सुरू केली. शेतकऱ्यांनी गट करून, शेणखत व घरचे बियाणे वापरून, जमिनीचा कस राखत शेती करावी, हा तिचा उद्देश आहे.

भाऊसाहेबांचे कार्य पुरे झाले असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांच्यानंतरही वऱ्हाडातील शेतकऱ्यावर कर्जाची संकटे आली. कधी पावसाने दगा दिला, कधी बाजाराने. कित्येक घरांचे आधार हरपले. म्हणूनच त्यांचे चरित्र केवळ आदराने वाचून बाजूला ठेवण्याजोगे नाही. कागद वाचून सही करावी. जमिनीला दिल्यावाचून तिच्याकडून घेऊ नये. शेजाऱ्याच्या बांधाची काळजी आपल्या बांधाइतकीच घ्यावी, या गोष्टी आजही तितक्याच खऱ्या आहेत.

पापळच्या एका शेतकऱ्याने आपली जमीन गहाण टाकून मुलाला शिकवले. त्या मुलाने शिकून आपले आयुष्य हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी वाचविण्यात खर्च केले. वडिलांचे ऋण फेडण्याची याहून उत्तम रीत कोणती असणार?